उघडी बंदूक आणि गावचा पोलीस



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले ते कामगारांच्या प्रश्नावर काही सांगेन या अपेक्षेने. मी विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली की, 'अमेरिकेतल्या बंदुका' हाच विषय ना? होय, तोच विषय. त्याचे कारण आधी सांगतो, म्हणजे हा मनुष्य आपले शेत सोडून दुसऱ्याच्या बांधावर का गेला, हे आपल्याला कळेल.

2022 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. चाळीत आमच्या डोळ्यांदेखत वाढलेला पोर. रात्री साडेदहाच्या सुमारास त्याचा फोन आला. म्हणाला, ''काका, मी दुकानात भाजी घ्यायला आलोय. माझ्यापुढे रांगेत एक माणूस आहे, त्याच्या कमरेला पिस्तूल आहे. झाकलेले नाही, सगळ्यांना दिसते आहे. दुसऱ्या हाताला त्याची लहान मुलगी आहे. इथे कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. पोलिसांना फोन करू का?'' दहा हजार मैलांवरून त्याने हे मला का विचारावे? तर पोलीस आणि कायदा म्हटला की काकांना विचारायचे, ही त्याच्या घरची सवय. वडील संपात पकडले गेले तेव्हा आईने मलाच फोन केला होता. मी त्याला म्हणालो, ''आधी तू रांगेतून बाहेर ये.'' एवढे सांगून झाल्यावर माझे ज्ञान संपले. त्याने फोन केला असता तर पोलीस काय करते, हे मला ठाऊक नव्हते. आणि आपल्याला ठाऊक नाही हे त्या पोराला सांगण्याची मला लाज वाटली.

म्हणून मी वाचायला बसलो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी शिकलो ते औद्योगिक न्यायालयाचे निवाडे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचता वाचता. त्यामुळे न्यायालयाचा निकाल वाचायची मला भीती वाटत नाही. इंग्रजी कादंबरी मात्र अजूनही जमत नाही. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम आपल्या घरची स्थिती लक्षात घ्या, म्हणजे तिकडची अपूर्वाई कळेल. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत 1878 साली शस्त्रांचा कायदा झाला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणे हा या देशात गुन्हा ठरला. स्वराज्य आल्यावर 1959 साली आपण आपला स्वतःचा शस्त्र-कायदा केला, पण परवान्याचे तत्त्व तेच ठेवले. म्हणजे आपल्याकडे प्रश्न सुरू होतो तो 'परवानगी आहे का?' येथून. शिवाय महाराष्ट्रात 1951 सालचा पोलीस कायदा आहे. त्याचे 37 वे कलम चळवळीतल्या माणसाला पाठ असते. त्याखाली हुकूम निघाला की बंदूक, तलवार, भाला तर राहोच, साधी काठीसुद्धा रस्त्यावर घेऊन फिरता येत नाही. दगड जमवता येत नाहीत, पुतळा मिरवता येत नाही.

या काठीवरून मला एक प्रसंग आठवतो. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या टाळेबंदीविरुद्ध आम्ही मोर्चा काढला होता. हुकूम लागू होता. फौजदारसाहेब आले, झेंडे मोजले आणि म्हणाले, ''झेंडे ठेवा, काठ्या काढा.'' मी म्हणालो, ''साहेब, मग झेंडा हवेत लावू काय?'' ते म्हणाले, ''तो तुमचा प्रश्न.'' शेवटी धुतलेले धोतर वाळत घालायला दोघांनी दोन टोके धरावीत तसे झेंडे धरून आमचे लोक तीन मैल चालले. त्या फौजदारांना मी दोष देत नाही. हातात हुकूम होता आणि हुकुमात काठी लिहिलेली होती. हा प्रसंग ध्यानात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे 1791 साली झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क लोकांना दिलेला आहे. त्या हक्काचा अर्थ काय, यावर दोनशे वर्षे वाद झाला. 2008 साली वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की हा हक्क व्यक्तीचा आहे आणि घरात पिस्तूल ठेवण्यापर्यंत तो नक्की पोचतो. 2022 च्या जूनमध्ये न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या निकालाने तो हक्क घराबाहेर रस्त्यापर्यंत नेला. परंतु रस्त्यावर बंदूक कशी न्यायची, झाकून की उघडी, परवाना घेऊन की त्याशिवाय, हे प्रत्येक राज्य आपापले ठरवते. टेक्सासमध्ये लांब बंदूक उघडपणे नेण्यास फार पूर्वीपासून मोकळीक होती. पिस्तूल मात्र झाकून ठेवावे लागे. 1 जानेवारी 2016 पासून परवानाधारकाला ते उघडे लावता येऊ लागले आणि 1 सप्टेंबर 2021 पासून परवान्याची अटही गेली. टेक्सासातील अनेक पोलीसप्रमुखांनी या शेवटच्या सवलतीला विरोध केला होता. तो कुणी ऐकला नाही. 2024 अखेर परवान्यावाचून पिस्तूल बाळगू देणारी राज्ये 29 झाली होती.

यात आणखी एक गुंता आहे. आपल्याकडे राज्याचे एक पोलीसदल असते. अमेरिकेत शहराचे पोलीस वेगळे, परगण्याचा शेरीफ वेगळा आणि तोही बहुधा मतांवर निवडून आलेला, राज्याचे पोलीस आणखी वेगळे. अशी लहानमोठी दले मिळून सुमारे 18,000 आहेत. काही दलांत दहा माणसेही नसतात. तेव्हा 'अमेरिकन पोलीस काय करतात?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. ते त्या गावच्या पोलिसावर, आणि त्याआधी फोन उचलणाऱ्या माणसावर अवलंबून असते.

बहुतेकांचे लक्ष पोलिसाकडे जाते. माझे मात्र या फोन उचलणाऱ्याकडे गेले. तोही एक कामगार. पाळीवर असतो, कानाला यंत्र लावलेले असते, समोर पडदा असतो. 911 हा आकडा फिरवून कोणी म्हणते, ''रस्त्यात एक बंदूकवाला माणूस आहे.'' जेथे उघडी बंदूक कायदेशीर आहे तेथे फोन घेणाऱ्याने पुढे विचारावयाचे असते की, तो काय करतो आहे? बंदूक म्यानात आहे की हातात? कुणावर रोखली आहे का? तो ओरडतो आहे का, कुणाला धमकावतो आहे का? की नुसता चालला आहे? या उत्तरांवर त्या फोनला पहिला क्रम द्यायचा की शेवटचा हे ठरते. नुसता चालला असेल तर ''साहेब, आमच्या राज्यात ते कायदेशीर आहे'' एवढे सांगून फोन ठेवला जातो, फार तर एक गाडी लांबून नजर टाकून जाते.

पोलीस आलाच तर त्याला काय करता येते? येथे 1968 सालच्या एका निकालाला महत्त्व आहे. क्लीव्हलंड शहरातल्या एका गुप्त पोलिसाने दुकानापुढे वारंवार येरझारा घालणाऱ्या तिघांना हटकले, चाचपले आणि दोघांजवळ पिस्तुले सापडली. वरिष्ठ न्यायालय म्हणाले, गुन्हा होतो आहे अशी सकारण शंका पोलिसाला असेल तर तो माणसाला थोडा वेळ थांबवू शकतो. तो सशस्त्र आणि धोकादायक वाटला तर अंग चाचपू शकतो. शंका सकारण हवी, नुसता मनाचा कौल पुरत नाही. हा निकाल झाला त्या काळी बंदूक सापडणे हेच मोठे कारण होते. पण राज्याने उद्या सांगितले की बंदूक उघडी लावणे हा गुन्हाच नाही, तर नुसती बंदूक दिसली एवढ्यावरून गुन्ह्याची शंका कशी घेणार? पोलिसाच्या हातातला धागाच तुटतो.

न्यायालयांनी हे एकेक पाऊल टाकत सांगितले आहे. 2000 साली वरिष्ठ न्यायालयाने ठरवले की बसथांब्यावरच्या अमुक कपड्यातल्या मुलाजवळ पिस्तूल आहे असा निनावी फोन आला, तर तेवढ्यावर त्याची झडती घेता येणार नाही. बंदुकीची बाब म्हणून वेगळा नियम करता येणार नाही. 2013 साली उत्तर कॅरोलायनातल्या एका खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले की जेथे उघडी बंदूक कायदेशीर आहे तेथे ती लावणे, दुसरे काही नसेल तर, माणसाला अडवण्याचे कारण होऊ शकत नाही.

मला सर्वांत बोलका वाटला तो ओहायो राज्यातील टोलेडो शहराचा दावा. 2010 सालच्या जूनमध्ये एक गृहस्थ संध्याकाळी बायको, मुलगी, नातू आणि कुत्रा अशा लवाजम्यानिशी फिरायला निघाले होते. कमरेला पिस्तूल. वाटेने जाणारा एक मोटारसायकलस्वार त्यांच्यावर ओरडला, यांच्या बायकोने त्याला कायदा ऐकवला, त्याने पोलिसांना फोन केला. पोलीस आला, त्याने पिस्तूल काढून घेतले, गृहस्थांना बेड्या घातल्या आणि अर्धा तास गाडीत बसवून ठेवले. गृहस्थांनी शहर पोलिसांवर दावा लावला. 2015 साली अपील न्यायालयाने निकाल दिला तो त्यांच्या बाजूने. पोलिसाला भीती वाटली असेल, पण ही परवानगी राज्याच्या विधिमंडळाने दिली आहे. पोलिसाने ती आपल्या अधिकारात परत घ्यायची नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे.

आता याची दुसरी बाजू पाहा. टेनेसीत नॅशव्हिलजवळच्या एका वनोद्यानात 2009 साली एक मनुष्य फौजी रंगाचे कपडे घालून, 'एके 47' च्या बनावटीचे पिस्तूल गळ्यात अडकवून फिरत होता. नळीचे टोक त्याने नारिंगी रंगवले होते, कारण तिकडे खेळण्यातल्या बंदुकीला तसे टोक असते. त्याला दोन-अडीच तास अडकवून ठेवले, हत्यार तपासले आणि ते कायद्यात बसते असे आढळल्यावर सोडले. त्यानेही दावा लावला, आणि तो हरला. तेच अपील न्यायालय, वर्ष 2012. न्यायालय म्हणाले, हे एकंदर सोंग पाहून कोणालाही शंका येईल. तेव्हा म्यानातले पिस्तूल एक, आणि सोंग आणून गळ्यात मिरवलेले हत्यार दुसरे. पण या दोहोंच्या मधली रेघ नेमकी कोठे आहे, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाला दोन सेकंदांत ओळखायचे असते, आणि न्यायाधीशांना त्यासाठी तीन वर्षे मिळतात. माझे आयुष्य पोलिसांशी भांडण्यात गेले, पण हे वाचताना मला त्या शिपायाची कणव आली हे कबूल करतो.

आणि रेघ चुकली म्हणजे काय होते? 31 ऑक्टोबर 2015. कोलोरॅडो राज्यातील कोलोरॅडो स्प्रिंग्ज. सकाळी पावणेनऊच्या सुमारास एका बाईने फोन केला की शेजारी एक मनुष्य रायफल घेऊन इमारतीत शिरतो आहे. फोन घेणारीने सांगितले की आपल्या राज्यात उघडी बंदूक नेता येते. त्या फोनचा क्रम खाली गेला आणि गाडी दुसऱ्या कामाला लागली. सुमारे दहा मिनिटांनी त्याच बाईचा दुसरा फोन आला. तोवर त्या माणसाने रस्त्यावर गोळीबार सुरू केला होता. तीन माणसे मेली. शेवटी पोलिसांच्या गोळीने तोही मेला. फोन घेणारीचे चुकले काय? तिने कायदा सांगितला, आणि तो बरोबर सांगितला. जो कायदा टोलेडोच्या गृहस्थाला बेड्यांतून सोडवतो तोच कोलोरॅडोच्या बाईचा फोन खाली ढकलतो. गोळी सुटेपर्यंत दोघांत फरक दिसत नाही.

याच्या उलट चूकही घडली आहे. ओहायोतल्याच बीव्हरक्रीक गावी, 5 ऑगस्ट 2014 रोजी, वॉलमार्टच्या दुकानात 22 वर्षांचा एक तरुण फळीवर विक्रीला ठेवलेली छर्ऱ्यांची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत हिंडत होता. एका गिऱ्हाईकाने पोलिसांना कळवले की तो लोकांवर बंदूक रोखतो आहे. पोलीस आले आणि काही क्षणांत त्यांनी त्याला गोळी घालून ठार केले. उघडी रायफल नेणे ज्या राज्यात कायदेशीर, तेथे खरी रायफलही गुन्हा नव्हे. याच्या हातात तर दुकानातला माल होता. त्या तरुणाचा वर्ण काळा होता. ज्युरीने पोलिसांवर खटला भरण्यास नकार दिला. टोलेडोचे गृहस्थ बेड्या आणि अर्धा तास सोसून घरी गेले, आणि हा गेला नाही. दोन गावे एकाच राज्यातली, कायदा एकच.

येथे मला मागे जावे लागते, कारण हा भेद आजचा नाही. 1966 सालच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघा तरुणांनी 'ब्लॅक पँथर' पक्ष काढला. काळ्या वस्तीत पोलिसांची मारहाण नित्याची होती. न्यूटनने कायद्याचा अभ्यास केला होता. भरलेली बंदूक उघडपणे न्यायला त्या राज्यात तेव्हा बंदी नव्हती. कोणावर रोखणे मात्र गुन्हा होता. तेव्हा नळी आकाशाकडे किंवा जमिनीकडे धरून, कायद्याचे पुस्तक जवळ ठेवून, ही मंडळी पोलिसांच्या गाडीमागून जात. पोलिसांनी कोणाला थांबवले की ठरावीक अंतरावर उभे राहून पाहत आणि अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क ओरडून सांगत. त्यांनी कायदा मोडला नाही. पोलिसांना काय करावे ते कळेना. जे कलम लावावे ते पुस्तकात नव्हते.

पुस्तकात नसेल तर घालता येते. डॉन मलफर्ड नावाच्या आमदाराने भरलेली बंदूक सार्वजनिक जागी नेण्यास बंदी करणारे विधेयक आणले. त्याच्या निषेधार्थ 2 मे 1967 रोजी सुमारे 30 पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. पोलिसांनी बंदुका काढून घेतल्या, पाहिले, आणि गुन्हा सापडेना म्हणून परत दिल्या. मागाहून सभागृहाच्या कामात अडथळा आणल्याच्या आरोपावरून त्यांना पकडले. विधेयक झपाट्याने मंजूर झाले आणि 28 जुलै 1967 रोजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. याच रेगनसाहेबांनी पुढे राष्ट्राध्यक्ष असताना बंदूकवाल्यांच्या हक्काची तरफदारी केली. या कायद्याने पोलिसाला एक नवे हत्यार दिले: बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे तो केव्हाही तपासू शकतो, आणि तपासू न देणे हेच अटकेचे कारण. पुढे चाळीस वर्षांनी गोऱ्या हौशी लोकांनी रिकामी पिस्तुले कमरेला लावून कॉफीच्या दुकानांत बसण्याची टूम काढली. तेव्हा त्याच कलमाखाली पोलीस टेबलाशी येत, पिस्तूल उघडून पाहत आणि परत देत. 2012 पासून तेही बंद झाले.

आता आपण म्हणाल, युनियनचा माणूस अजून आपल्या विषयावर कसा आला नाही? आलो.

शिकागोमधील जर्मन समाजवादी कामगारांनी 1875 साली एक कवायती संघ स्थापला. कारण असे की कामगारांच्या सभा पोलीस आणि मालकांचे भाडोत्री लोक उधळून लावत. 1879 मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला की सरकारी मिलिशियाशिवाय कोणीही परवान्यावाचून शस्त्रांसह कवायत किंवा मिरवणूक करू नये. त्याच साली हर्मन प्रेसर हा घोड्यावर बसून, हाती तलवार घेऊन, सुमारे 400 बंदूकधारी कामगारांच्या पुढे शिकागोच्या रस्त्याने निघाला. त्याला 10 डॉलर दंड झाला. तो वरिष्ठ न्यायालयापर्यंत लढला आणि 1886 साली हरला. ती दुसरी घटनादुरुस्ती त्याच्या कामी आली नाही.

वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणींत याहून मोठे घडले. तेथे घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, आणि लोगन परगण्यात शेरीफचे शिपाईसुद्धा कंपन्यांच्या पैशावर. शेरीफचे नाव डॉन चॅफिन. जवळच मेटवान नावाचे गाव आहे. तेथील पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड मात्र खाणकामगारांचा माणूस निघाला. 19 मे 1920 रोजी कंपनीचे भाडोत्री बंदूकवाले युनियनमध्ये गेलेल्या कामगारांची बिऱ्हाडे रस्त्यावर फेकून परतत होते. हॅटफील्डने त्यांना अटक करू पाहिले. रेल्वे स्टेशनाजवळ गोळीबार झाला आणि 10 माणसे पडली. त्यांत सात कंपनीचे, दोन कामगार आणि गावचा मेयर. पुढच्या वर्षी 1 ऑगस्टला हॅटफील्ड दुसऱ्या एका खटल्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढत असता, हाती शस्त्र नसताना, त्याला गोळ्या घालून मारले. त्यानंतर सुमारे 10,000 खाणकामगार गळ्याला लाल रुमाल बांधून, बंदुका उघड घेऊन निघाले. ब्लेअर नावाच्या डोंगरावर त्यांची गाठ पडली ती चॅफिनने उभ्या केलेल्या फौजेशी. त्या फौजेत शिपाई थोडे. बहुतेक शेरीफने बिल्ला दिलेले साधे नागरिक. भाड्याच्या विमानांतून कामगारांवर बाँबही टाकले. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी लष्कर पाठवले तेव्हा कामगारांनी शस्त्रे खाली ठेवली, कारण आपले भांडण सरकारशी नाही असे ते समजत होते. डोंगराच्या दोन्ही अंगांना बंदूक घेतलेले नागरिकच होते. एका बाजूला शेरीफने बिल्ले वाटले. दुसऱ्या बाजूच्या शेकडो लोकांवर खून आणि राजद्रोहाचे खटले झाले.

मी हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. आमच्या संपातही एका वेळी काही पोरांनी येऊन म्हटले होते की, त्यांच्याकडे गुंड आहेत तर आपल्याकडेही काही पाहिजे. मी नको म्हणालो होतो. तेव्हा मी दिलेले कारण भित्रेपणाचे होते असे काहींना वाटले, आणि ते अगदीच खोटे होते असे मी आजही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

आता 2016 चा जुलै. त्या एका महिन्यात हा सारा प्रश्न एकत्र येऊन उभा राहिला. 6 तारखेला मिनेसोटात पोलिसाने एका मोटारवाल्यास थांबवले. तो सेंट पॉलच्या शाळांच्या उपाहारगृहात काम करणारा, टीमस्टर्स युनियनचा सभासद. त्याच्याजवळ परवान्याचे पिस्तूल होते, आणि ते आहे हे त्याने आपण होऊन पोलिसाला सांगितले. काही सेकंदांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. तो काळा होता. पोलीस पुढे 2017 साली निर्दोष सुटला. दुसऱ्या दिवशी, 7 तारखेला, डॅलस शहरात या हत्यांच्या निषेधाचा मोर्चा निघाला. वीस-तीस माणसे रायफली पाठीला लावून त्यात चालत होती, कायद्याप्रमाणे. एका मारेकऱ्याने पोलिसांवर नेम धरून गोळीबार केला आणि पाच पोलीस मारले. गडबडीत पोलिसांनी एका रायफलवाल्या निदर्शकाचे छायाचित्र संशयित म्हणून सर्वत्र पाठवले. त्या माणसाने आपली रायफल आधीच एका पोलिसाच्या स्वाधीन केली होती. त्याचा काही संबंध नव्हता. पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन, जो स्वतः काळा आहे, त्याने नंतर उघडपणे सांगितले की गोळीबार सुरू झाल्यावर अशा गर्दीत कोण कोणता हे ओळखणे पोलिसाला फार कठीण जाते.

आणि त्याच महिन्यात क्लीव्हलंडमध्ये रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन होते. शहराने बंदोबस्ताच्या क्षेत्रात कोणत्या वस्तू आणू नयेत याची यादी काढली. त्यात टेनिसचे चेंडू होते, पाण्याच्या पिचकाऱ्या होत्या, खेळण्यातली हत्यारे होती, शिड्या होत्या. खरी बंदूक नव्हती. ओहायोच्या कायद्याप्रमाणे शहराला बंदुकीविषयी स्वतःचा नियम करता येत नाही, आणि 2010 साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने क्लीव्हलंडचेच म्हणणे फेटाळून हे कायम केले होते. आतल्या लहान कुंपणात केंद्राच्या पोलिसांनी बंदूक बंद ठेवली; बाहेर मोकळीक. आमच्या मोर्चातल्या झेंड्याच्या काठ्या आपल्याला आठवत असतील. आमच्या फौजदारांना आणि क्लीव्हलंडच्या शिपायाला एकमेकांच्या याद्या दाखवल्या असत्या तर दोघेही आपापल्या डोक्याला हात लावून बसले असते.

तेव्हा पुढे कोण आले? पोलिसांची युनियन. तिच्या अध्यक्षाने गव्हर्नर जॉन केसिक यांना विनंती केली की अधिवेशनापुरती तरी उघडी बंदूक बंद करा. गव्हर्नर म्हणाले, तसा अधिकार मला नाही. पोलिसांच्या युनियनला आम्ही चळवळीतले लोक आपले समजत नाही, आणि अमेरिकेत त्या युनियनने जखमी नागरिकांपेक्षा आपल्या आरोपी सभासदाची बाजू फार वेळा घेतली आहे, हे मी विसरत नाही. पण ती विनंती वाचताना मला ती ओळखीची वाटली. कामाची जागा धोक्याची आहे, मालकाने ती सुरक्षित करावी, आणि मालक म्हणतो माझ्या हातात काही नाही. हे संभाषण मी किती गेटांवर ऐकले आहे! अधिवेशन पार पडले. काही लोक रायफली घेऊन चौकात आले, पोलिसांनी सायकलींची रांग मध्ये घातली आणि गोळी सुटली नाही.

त्या मुलाची गोष्ट राहिली. मी वाचून होईपर्यंत दीड महिना गेला होता. मग एका रविवारी मी त्याला फोन करून सगळे सांगितले: तू फोन केला असतास तर बाईने विचारले असते की तो काय करतो आहे; तू म्हणाला असतास की रांगेत उभा आहे; आणि तिने फोन ठेवला असता. पोलिसाला मध्ये घालण्याचा तेथे एकच सरळ मार्ग आहे, आणि तो दुकानदाराच्या हातात आहे. टेक्सासच्या कायद्यात दुकानदार आपल्या दारावर पाटी लावू शकतो की येथे उघडे पिस्तूल आणू नये. पाटीवरचा मजकूर कायद्याने ठरवून दिलेला, अक्षर किमान एक इंच उंचीचे, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत. ती पाटी असून कोणी आत आला, किंवा मालकाने जा म्हटले आणि तो गेला नाही, तर तो अतिक्रमणाचा गुन्हा होतो, आणि मग पोलीस येतो.

तो म्हणाला, ''काका, त्या दुकानाच्या दारावर पाटी नव्हती. मी पुन्हा जाऊन पाहिले.'' मी विचारले, ''मग आता काय करतोस?'' तर म्हणाला, पाटीवाले दुकान चार मैल लांब आहे, भाजीही तिथे थोडी महाग मिळते. बायको आणि पोरगी बरोबर असली की तिकडे जातो, एकटा असलो की जवळच्याच दुकानात.